पुंगळी जुळली पण गोळी नाही, असं कसं? (गावठी कट्टा, सीए म्हणजे सरकारी लॅबच्या केमिकल अ‍ॅनालायझरचा रिपोर्ट)

काळाकोट_ज्युनियर (काल रात्री ११.४०)

नमस्कार मंडळी. नाशिक कोर्टात प्रॅक्टिस करते, म्हणजे प्रॅक्टिस कसली, अजून सरांच्या फाइली उचलायच्या आणि सीबीएसजवळ चहा सांगायचा एवढंच चाललंय. पण परवा सरांनी एक फाइल हातात दिली आणि म्हणाले यातला बॅलिस्टिकचा रिपोर्ट तू वाचून मला समजावून सांग, मी उलटतपासणी तुझ्या भरवशावर घेणार आहे. तेव्हापासून झोप उडालीय.

प्रकरण थोडक्यात (नावं, तालुका सांगत नाही): रात्री ढाब्यावर भांडण, एक गोळी झाली, कुणाला लागली नाही, मागच्या लाकडी दारात घुसली. हाफ मर्डर आणि आर्म्स अ‍ॅक्ट ३/२५ लावलंय. आठ दिवसांनी आमच्या पक्षकाराने स्वतःच्या कांदाचाळीतून कट्टा काढून दिला असा मेमोरंडम पंचनामा (आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू मिळाल्याचा). लॅबला तीन वस्तू गेल्या, कट्टा, एक रिकामी पुंगळी, आणि दारातून काढलेली गोळी.

रिपोर्ट दीड पानाचा आहे. त्यात म्हटलंय की कट्टा एकनळी, देशी बनावटीचा, चालू स्थितीत आहे, ८ एमएम म्हणजे पॉइंट ३१५ चं काडतूस उडवू शकतो. नळी धुतलेल्या पाण्यात नायट्राइट मिळालं म्हणजे तो वापरलेला आहे. पुंगळीवरचे फायरिंग पिनचे आणि ब्रीच फेसचे ठसे टेस्ट फायरशी (लॅबने त्याच कट्ट्यातून झाडून बघितलेल्या पुंगळीशी) जुळतात. आणि गोळीबाबत काय तर ठाम मत देता येत नाही.

आता माझं डोकं इथेच अडकलं. पुंगळी आणि गोळी एकाच काडतुसाचे दोन भाग ना, मग एक जुळतो आणि दुसरा नाही असं कसं? सर म्हणतात हेच मोठं भगदाड आहे, मला तेवढी खात्री वाटत नाही. शिवाय पुंगळीच्या बुडावर ‘केएफ ८ एमएम’ लिहिलंय ते काय, कट्टा बनवणाऱ्याची खूण का? आणि ‘जुळतात’ म्हणजे शंभर टक्के समजायचं का? मी आर्ट्सची आहे त्यामुळे जरा पायरी पायरीने सांगा.

पंचवटीचा_पक्या (रात्री ११.५२)

भाऊ सोपंय, एक्सपर्ट लोकं कॉम्प्युटरमध्ये गोळी टाकतात आणि स्क्रीनवर मॅच फाउंड येतं हिरव्या अक्षरात 😄

काळाकोट_ज्युनियर (रात्री ११.५५)

भाऊ नाही ताई. ‘करते’ लिहिलंय वर 🙂

देवळाली_गनर (सकाळी ५.३५)

नमस्कार वकीलताई. मी तोफखान्यातून निवृत्त, सध्या देवळाली कॅम्पातच असतो. पहिली गोष्ट म्हणजे तुमच्या रिपोर्टमध्ये जे आहे त्याला सगळे बॅलिस्टिक म्हणतात पण खरं बॅलिस्टिक म्हणजे गोळा नळीच्या आत कसा ढकलला जातो, हवेत कसा जातो आणि लागल्यावर काय करतो. स्कूल ऑफ आर्टिलरीला आम्ही तेच घोकलं, वारा किती, दारूचं तापमान किती, नळी किती झिजली. तुमच्या लॅबवाल्याला यातलं फारसं काही लागत नाही, त्याला फक्त हे हत्यार तेच का एवढं सांगायचं असतं. ही वेगळी विद्या आहे, नाव तेवढं उसनं घेतलंय.

आता कामाचं. रायफल किंवा चांगल्या पिस्तुलाच्या नळीत आतून पीळ घेत गेलेल्या खाचा असतात, त्यामुळे गोळी स्वतःभोवती गरागरा फिरत बाहेर पडते आणि फिरते म्हणून नाक पुढे ठेवून सरळ जाते, भोवरा फिरतो तोवर उभा राहतो तसं. कट्ट्याला बहुतेक वेळा साधी पाइपची नळी. खाच नाही, पीळ नाही, म्हणून गोळी हवेत कोलांट्या खात जाते. पंचनाम्यात दाराच्या भोकाचा आकार लिहिलाय का बघा, गोल आहे का लांबट.

काळाकोट_ज्युनियर (सकाळी ८.१०)

काका तुम्ही साडेपाचला उठून हे लिहिलंत, खरंच धन्यवाद. पंचनामा पुन्हा वाचला. ‘दरवाजावर लांबट आकाराचे छिद्र’ असं लिहिलंय! मला वाटलं हवालदारांची भाषा तशी असेल.

देवळाली_गनर (सकाळी ८.३०)

म्हणजे गोळी आडवी लागली. ताई हे तुमच्या पक्षकाराच्या बाजूने नाही जात हां, साध्या नळीच्याच हत्याराशी ते बसतं. खोटं कशाला सांगू.

सूक्ष्मदर्शक (सकाळी ९.४५)

मी या क्षेत्रात काही वर्षं काम केलंय, कुठे ते विचारू नका. गनरकाकांनी अर्ध काम केलंच आहे, बाकीचं मी सांगतो, लांब होईल.

काडतूस म्हणजे चार गोष्टी. पितळेची नळकांडी म्हणजे तुमची पुंगळी, तिच्या बुडात मधोमध प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी गट्ट बसवलेली गोळी. चाप ओढला की फायरिंग पिन प्रायमरवर आपटते, ठिणगी पडते, दारू पेटते, तिचा गॅस होतो आणि तो गॅस दोन्हीकडे ढकलतो. पुढे गोळीला, मागे पुंगळीला. हे मागचं लोक विसरतात. पुंगळीचं बूड प्रचंड जोराने मागच्या पोलादी भिंतीवर दाबलं जातं, त्या भिंतीला ब्रीच फेस म्हणतात. पितळ मऊ, पोलाद कडक, त्यामुळे पोलादावरचा प्रत्येक ओरखडा पितळावर आणि प्रायमरवर उमटतो, गरम लाखेवर शिक्का मारावा तसा. फायरिंग पिनच्या टोकाचा खड्डाही तसाच उमटतो.

गोळीचं वेगळं असतं. ती नळीतून घासत जाते, आणि नळीत पीळ असेल तर खाचांच्या मधले उंचवटे तिच्या अंगात रुततात. किती खाचा, किती रुंद, डावीकडे पीळ की उजवीकडे यावरून हत्याराची जात कळते. जुनं उदाहरण म्हणजे कोल्टला सहा खाचा आणि डावा पीळ, स्मिथ अँड वेसनला पाच आणि उजवा. यांना क्लास कॅरॅक्टरिस्टिक म्हणतात, म्हणजे जातीची लक्षणं. त्या प्रत्येक पट्ट्याच्या आत केसासारख्या बारीक रेघा असतात त्या त्या एका नळीच्या, त्या व्यक्तीची लक्षणं. जात जुळली तरच व्यक्ती बघायची, जातच वेगळी तर तिथेच काम संपलं.

आता तुमच्या कट्ट्याला पीळच नाही म्हटल्यावर गोळीवर उमटणार काय? गोळी पाइपात नीट घट्ट बसतही नाही, कुठे घासते कुठे नाही, एकाच कट्ट्यातून लागोपाठ दोन गोळ्या उडवल्या तरी त्यांचे ओरखडे एकमेकांशी जुळत नाहीत. मग तिसरी कशाशी जुळवायची? म्हणून ‘ठाम मत देता येत नाही’. ताई याचा अर्थ ‘या कट्ट्याची गोळी नाही’ असा अजिबात नाही. आहे, नाही आणि सांगता येत नाही ही तीन वेगळी उत्तरं आहेत. तुमच्या सरांनी तिसऱ्याचं दुसरं करून वाचलं तर कोर्टात एक्सपर्ट दोन मिनिटांत तोंडावर पाडेल.

केएफ म्हणजे किरकी फॅक्टरी, आपली पुण्याची खडकीची अ‍ॅम्युनिशन फॅक्टरी, १८६९ पासूनची. काडतूस कारखान्यात बनलेलं आणि हत्यार कुठल्यातरी शेडमध्ये, हे आपल्याकडे नेहमीचंच आहे. हत्यार घरी बनवता येतं हो, काडतूस तसं बनवणं अवघड, म्हणून ८ एमएमचं परवान्यावर मिळणारं काडतूस हिकडून तिकडून मिळवतात आणि कट्टा त्याच्या मापाने बनवतात.

नायट्राइटचं एवढंच लक्षात ठेवा की नळीतून कधीतरी बार झालाय. कधी, ते त्यातून कळत नाही. त्याच रात्री झाला की चार महिन्यांपूर्वी कुणाच्या लग्नात झाला, रिपोर्ट गप्प आहे. तुमच्या कामाचा एक मुद्दा हा.

सातपूर_टूलरूम (सकाळी ११.२०, चहाच्या सुट्टीत)

सूक्ष्मदर्शक साहेबांचं वाचून मजा आली कारण हे सगळं आमचंच काम आहे की भो. सातपूरला टूलरूममध्ये २६ वर्षं झाली. बंदूक बाजूला ठेवा, लेथवर फेसिंग मारलेला जॉब हातात घ्या, उन्हात तिरका धरा, गोल गोल रेघा दिसतात ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या, मिलिंगचा असेल तर कमानी कमानी दिसतात, आणि कानस मारली असेल तर सरळ तिरके ओरखडे. मी जॉब बघून सांगतो कुठल्या मशीनवर झालाय आणि बऱ्याचदा कुठल्या पोराने केलाय तेपण, एक जण आहे आमच्याकडे तो कानस कायम डावीकडे दाबतो, त्याचं काम लांबून ओळखू येतं.

तर माझा विचार असा की गावठी कट्ट्याची ती मागची भिंत कुणीतरी हाताने कानसीने घासलेली असणार, म्हणजे तशी भिंत जगात दुसरी नाही. तोच माणूस दुसरा कट्टा घासायला बसला तरी कानस तशीच्या तशी पडणारच नाही. उलट सीएनसीवर एकसारखी हजार पिस्तुलं काढणाऱ्या कंपनीचं काम ओळखायला जास्त अवघड जायला पाहिजे. बरोबर का चूक?

आणि दुसरं, हे खरं विचारायचंय. पिळाच्या खाचा ब्रोच (ओळीने दाते असलेलं कापायचं अवजार) ओढून पाडत असतील तर ब्रोचच्या दाताला एखादा चिपका उडाला असेल तर तोच ओरखडा त्या ब्रोचने ओढलेल्या पुढच्या पन्नास जॉबमध्ये येणार. आमच्याकडे रोज येतो, शिफ्ट इनचार्ज बोंबलतो. मग तुम्ही म्हणता ती ‘व्यक्तीची लक्षणं’ पन्नास नळ्यांत सारखी नाही का निघणार?

सूक्ष्मदर्शक (दुपारी १.०५)

टूलरूमवाले दादा, तुम्हाला लॅबमध्ये घ्यायला पाहिजे होतं.

पहिला मुद्दा एकदम बरोबर. कट्टा गोळीच्या बाबतीत मुका आणि पुंगळीच्या बाबतीत बडबडा. आणि हे शास्त्र मुळात बंदुकीचं नाहीच, अवजारांच्या खुणांचं आहे, पाना, कटावणी, छिन्नी यांच्या ओरखड्यांची तपासणी त्याच नियमांनी होते. सगळ्यात जुनी गोष्ट सांगतात ती १८३५ ची, इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टनला एका घरी चोरी झाल्याचा बनाव झाला, हेन्री गोडार्ड नावाच्या पोलिसाने शिशाच्या गोळीवरचा बारीक उंचवटा पाहिला आणि तो घरातल्याच बटलरच्या साच्यातल्या दोषाशी जुळवला. म्हणजे साच्याचा दोष, तुमच्याच खात्यातला. (पुढे अमेरिकेत हे शास्त्र ज्याने उभं केलं त्याचंही आडनाव गोडार्डच, कॅल्विन गोडार्ड, दोघांचं नातं नाही, परीक्षेला बसलेली पोरं हमखास घोळ घालतात.)

दुसरा मुद्दा म्हणजे या धंद्यातलं खरं दुखणं. एकाच अवजारातून ओळीने निघालेल्या काही नळ्यांत किंवा ब्रीच फेसमध्ये येणाऱ्या सारख्या खुणांना सबक्लास म्हणतात, म्हणजे जातीपेक्षा लहान पण व्यक्तीपेक्षा मोठं, पोटजात म्हणा. एक्सपर्टने ती ओळखून बाजूला ठेवायची असते. नळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड जाणारी रेघ संशयास्पद धरायची, नळी बनल्यावर गंज, घाण, वापर याने आलेल्या तुटक खुणांवर जास्त विश्वास ठेवायचा. पण हे ओळखणं शेवटी डोळ्याचं आणि अनुभवाचं काम आहे.

त्यामुळे ताईंचा तिसरा प्रश्न, शंभर टक्के का? तर नाही. प्रत्यक्षात होतं असं की जप्त हत्यारातून लॅबमध्येच टेस्ट फायर करतात, गोळी हवी असेल तर पाण्याच्या टाकीत किंवा कापसाच्या पेटीत, म्हणजे ती न चेपता मिळते. किमान दोन फायर तरी करायचे आणि आधी ते दोनच एकमेकांशी ताडून बघायचे, कारण स्वतःच्याच दोन फायरमध्ये जी खूण दोनदा येत नाही ती गुन्ह्यातल्या पुंगळीत शोधण्यात अर्थ नाही. मग कंपॅरिझन मायक्रोस्कोप, म्हणजे दोन मायक्रोस्कोप वरून एका पुलाने जोडलेले, डाव्या अर्ध्यात टेस्टची पुंगळी, उजव्या अर्ध्यात गुन्ह्याची, मधे एक बारीक रेघ. प्रकाश दोन्हीकडे एकाच कोनातून पाहिजे, नाहीतर उंचवटा खड्डा दिसतो. हळूहळू फिरवत राहायचं. आणि कधीतरी डावीकडची रेघ मधली सीमा ओलांडून उजवीकडे तशीच पुढे जाते, तिच्या शेजारची पण, तिच्याही शेजारची. तो क्षण ज्याने पाहिलाय त्याला पटवून द्यावं लागत नाही, आणि नेमकी तीच अडचण आहे, कारण किती रेघा जुळल्या म्हणजे पुरे याचा सगळ्यांनी मान्य केलेला आकडा नाही. ‘पुरेसं साम्य’ म्हणतात, पुरेसं म्हणजे किती ते एक्सपर्ट ठरवतो.

२०१६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार मंडळाने यावर अहवाल काढला, त्यांच्या मते तोवर नीट आखलेला अभ्यास एकच होता, पिस्तुलाच्या पुंगळ्यांचा, आणि त्यात चुकीने ‘जुळलं’ म्हणण्याचं प्रमाण साधारण ६६ ला १, वाईटात वाईट धरलं तर ४६ ला १. हा आकडा आपल्या लॅबचा नाही, त्या अभ्यासातला आहे, त्यामुळे कोर्टात उचलून फेकू नका. पण ‘चूक होऊच शकत नाही’ असं कुणी साक्षीत म्हणालं तर तिथे थांबवून विचारायला हरकत नाही.

पक्या, कॉम्प्युटर असतो रे, आयबिस नावाची सिस्टीम आहे, ती फोटोंच्या ढिगातून जवळचे उमेदवार काढून देते, निकाल मायक्रोस्कोपवर बसलेला माणूसच देतो. हिरवी अक्षरं नाहीत.

गंगापूर_रोडकर (दुपारी २.१५)

धागा वाचून वाईट वाटलं. गोळ्या झाडणाऱ्यांना कसं सोडवायचं याचं फुकट ट्रेनिंग चाललंय. उद्या तो सुटून परत ढाब्यावर बसला तर?

काळाकोट_ज्युनियर (दुपारी २.४०)

दादा तो दोषी आहे का नाही ते मला माहीत नाही आणि खरं सांगायचं तर तुम्हालाही नाही. रिपोर्ट समजून न घेता प्रश्न विचारले तर त्याचाही तोटा आणि कोर्टाचाही. आणि वर बघा, काकांनी आणि सूक्ष्मदर्शक सरांनी आत्तापर्यंत सांगितलेलं निम्मं माझ्या पक्षकाराच्या विरोधातच जातंय 😅

मेहेर_सिग्नल_वकील (दुपारी ३.३०)

ज्युनियरला वेळेत कुणीतरी सांगायला हवं म्हणून लिहितो. सायन्स वाचताय ते चांगलंच पण कागद आधी वाचा.

रिपोर्टवर सही कुणाची आहे ते बघा. बीएनएसएस म्हणजे नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ३२९ (जुन्या सीआरपीसीचं २९३) खाली ठरावीक हुद्द्याच्या माणसाचा रिपोर्ट त्याला न बोलावता वाचला जातो, पण कोर्टाला वाटलं तर त्याला बोलावता येतं, तुम्ही अर्ज द्या. आर्म्स अ‍ॅक्ट कलम ३ ला खटल्याआधी कलम ३९ ची मंजुरी लागते, शहर हद्दीत पोलीस आयुक्तांची, ग्रामीणला कलेक्टरांची. ती फाइलला आहे का, आणि मंजुरी देताना हत्यार आणि कागद समोर होते का. मग सील. जप्ती कधी, मुद्देमाल खोलीत किती दिवस पडून, लॅबला कोण घेऊन गेलं, लॅबने ‘सील शाबूत, नमुन्याप्रमाणे’ असं लिहिलंय का. पुंगळी आणि कट्टा एकाच पुडक्यात गेले असतील तर उजेडच. गुन्हा १ जुलै २०२४ नंतरचा असेल तर बीएनएसएसचं कलम १७६(३) बघा, सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकच्या माणसाने जागेवर येणं अपेक्षित आहे, राज्यांना अंमलासाठी पाच वर्षांची मुभा आहे तो भाग वेगळा.

आणि एक्सपर्टचं मत म्हणजे मतच, निकाल नाही. जेसिका लालच्या केसमध्ये पिस्तूल सापडलंच नाही, दोन पुंगळ्या होत्या, एक्सपर्टने त्या दोन वेगळ्या हत्यारांच्या वाटतात असं सांगितलं, २००६ च्या फेब्रुवारीत सगळे सुटले, त्याच वर्षी डिसेंबरात हायकोर्टाने तो निकाल फिरवला आणि २०१० ला सुप्रीम कोर्टाने शिक्षा कायम केली. म्हणजे दोन्हीकडच्या वकिलांनी एक्सपर्टला देव मानू नये.

गोदाघाटचे_आजोबा (दुपारी ४.५०)

विषय नाशिक आणि पिस्तूल निघालाय तर थोडं अवांतर. २१ डिसेंबर १९०९, विजयानंद थिएटर, नाटकाचा प्रयोग, आणि अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर ब्राउनिंग पिस्तूल झाडलं. तेव्हा हे जोडमायक्रोस्कोप वगैरे काही नव्हतं. गोळी कुणी झाडली हा प्रश्नच नव्हता, ते जागेवरच पकडले गेले. सरकारला हवं होतं ते पिस्तूल आलं कुठून. लंडनहून सावरकरांनी चतुर्भुज अमीन यांच्या पेटीतून वीस ब्राउनिंग धाडल्या होत्या, हा धागा त्यांनी पकडला, अमीन माफीचे साक्षीदार झाले आणि त्यावर नाशिक कटाचा खटला उभा राहिला. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. म्हणजे त्या वेळी हत्याराची ओळख पटवली ती खुणांवरून नाही, माणसांच्या जबान्यांवरून.

सूक्ष्मदर्शक (सायं. ५.३०)

आजोबा अवांतर नाही, मुद्द्याचंच आहे. जोडमायक्रोस्कोप बंदुकीच्या कामाला आला १९२५ च्या आसपास, न्यूयॉर्कला वेट, ग्रॅव्हेल, फिशर आणि गोडार्ड या चौघांच्या संस्थेत. वेटच्या डोक्यात हे घुसलं ते स्टीलो नावाच्या शेतमजुराच्या प्रकरणामुळे, १९१५ मध्ये त्याला एका तथाकथित तज्ज्ञाच्या साक्षीवर फाशीची शिक्षा झाली होती, नंतर गोळ्या नीट तपासल्यावर त्याच्या रिव्हॉल्व्हरमधून त्या निघूच शकत नाहीत हे दिसलं आणि १९१८ ला तो सुटला. १९२९ च्या शिकागो हत्याकांडात तर पोलिसांनीच गोळ्या घातल्या असा संशय होता, गोडार्डने पोलिसांच्या टॉमीगन (हातात धरायच्या मशीनगन) तपासून त्या नाहीत असं सांगितलं आणि त्याच वर्षाअखेर एका गुंडाच्या घरी सापडलेल्या दोन टॉमीगनशी जुळवून दाखवलं. लोक जुळलेलंच लक्षात ठेवतात, पण आधीचं ‘यांच्या नाहीत’ हेही तेवढंच मोठं काम होतं.

सातपूर_टूलरूम (सायं. ६.१५)

घरी येऊन परत वाचलं आणि एक गोष्ट डोक्यातून जाईना. ताई तुम्ही लिहिलंय एकनळी कट्टा. मी काही कट्टा हातात घेतलेला नाही (पोलीस वाचत असतील तर) पण पेपरातल्या फोटोत बघितलाय, तो मधून मोडतो, नळी खाली करायची, काडतूस हाताने घालायचं, परत बंद. त्याला पिस्तुलासारखी पुंगळी बाहेर फेकायची यंत्रणा कुठेय? म्हणजे बार झाल्यावर पुंगळी आतच राहणार ना, फुगून घट्ट बसलेली, उलटी करून किंवा काडी घालून काढावी लागेल. मग ती पोलिसांना मिळाली कुठे?

देवळाली_गनर (सायं. ६.२२)

शाब्बास.

सूक्ष्मदर्शक (सायं. ६.४०)

मी एवढं लांबलचक लिहिलं आणि हेच सुटलं बघा. पिस्तुलाच्या पुंगळीवर एक्सट्रॅक्टर आणि इजेक्टर (पुंगळी ओढून काढणारा आणि बाहेर फेकणारा भाग) यांच्याही खुणा असतात, तुमच्या रिपोर्टमध्ये फक्त पिन आणि ब्रीच फेस आहे, याचं कारण हेच, फेकणारा भागच नाही. ताई, पुंगळी कुठे मिळाली?

काळाकोट_ज्युनियर (रात्री ८.०५)

फाइल घरी आणली होती म्हणून बरं. घटनास्थळ पंचनामा, दुसऱ्या दिवशी सकाळचा: ‘ढाब्यासमोरील मोकळ्या जागेत जमिनीवर एक पितळी रिकामी पुंगळी मिळून आली’.

आणि फिर्यादी, ढाब्याचा मालक आणि वेटर, तिघांचे जबाब एकसारखे आहेत, एकच गोळी झाडली आणि लगेच मोटरसायकलवर पळून गेला. थांबला, कट्टा उघडला, काही खाली टाकलं, असं कुणीच म्हणत नाही.

माझे हात थंड पडलेत.

मेहेर_सिग्नल_वकील (रात्री ८.२०)

उद्या सरांच्या आधी ऑफिसला पोहोच.

सूक्ष्मदर्शक (रात्री ८.३५)

थांबा थांबा, इतक्यात उड्या नको. दुसरी गोळी भरायला म्हणून त्याने कट्टा उघडला असेल, पुंगळी पाडली असेल, आणि मग लोक धावून आले म्हणून पळाला असेल, अंधारात साक्षीदारांना ते दिसलं नसेल. असं होतं. काही कट्ट्यांना पुंगळी थोडी वर उचलणारा कामचलाऊ भागही बसवलेला असतो, त्यामुळे आधी कोर्टाच्या परवानगीने मुद्देमालातला कट्टा स्वतः बघा, रिपोर्टवर जाऊ नका. पण प्रश्न विचारण्यासारखा नक्की आहे आणि तो एक्सपर्टला विचारा, पोलिसांना आधी नको. साधा विचारा, या हत्यारातून बार झाल्यावर पुंगळी आपोआप बाहेर पडते का? तो प्रामाणिक असेल तर नाही म्हणेल, मग तिथेच थांबा, ‘मग ती तिथे कशी आली’ हे त्याला विचारू नका, त्याला ते माहीत असायचं कारण नाही. ते साक्षीदारांच्या जबाबातून सरांनी युक्तिवादात मांडायचं.

अजून एक, दारातून गोळी कशाने काढली ते लिहिलंय का?

काळाकोट_ज्युनियर (रात्री ८.५०)

‘स्क्रू ड्रायव्हरच्या साहाय्याने’.

सूक्ष्मदर्शक (रात्री ८.५२)

अरे देवा. लाकडाचा तुकडा कापून लॅबला पाठवायचा असतो. गोळीवरचे अर्धे ओरखडे त्या स्क्रू ड्रायव्हरचे असतील. असो, तुमच्या केसमध्ये नळी साधी असल्यामुळे त्याने फार बिघडलं नाही.

सातपूर_टूलरूम (रात्री ९.१०)

त्या स्क्रू ड्रायव्हरचा ओरखडा मात्र नक्की जुळेल 😂

काळाकोट_ज्युनियर (दुसऱ्या दिवशी, दुपारी १.३०)

अपडेट. सरांना सकाळी सगळं सांगितलं, आधी ‘गोळी जुळली नाही’ हा मुद्दा का सोडायचा ते समजावलं, त्यावर थोडे चिडले. मग पुंगळीचं सांगितलं. पाच मिनिटं काही बोलले नाहीत, पंचनामा दोनदा वाचला, आणि म्हणाले कट्टा पाहण्याचा अर्ज टाइप कर, एक्सपर्टला बोलावण्याचा पण. मग विचारलं हे तुला सुचलं कुठून. म्हटलं सातपूरच्या एका टूलरूमवाल्या दादांना. त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय.

कट्टा बघितला की इथे येऊन लिहिते, नळीत पीळ आहे का आणि पुंगळी उचलणारा भाग आहे का दोन्ही. दादा, तुमची मिसळ माझ्याकडे लागली.